दर साली साल

वहीवर नाव : ओहोटी फुटबॉल क्लब,
वेंगुर्ले बंदर, सन एकोणीसशे नऊ.
आत मोडीतला जमाखर्च.
मोडी मी शिकलो जमिनीच्या भांडणापायी
आणि वाचत बसलो चेंडूची किंमत :
चार रुपये दोन आणे, आगबोटीच्या खलाशाकडून,
एका ठिगळासह.

मैदानाचा खर्च नाही.
पुनवेला, अवसेला, दिवस कलताना
समुद्र लांब मागे सरतो
आणि घट्ट ओली वाळू उघडी टाकतो
दोन-तीन घटका. तेवढाच खेळ.
पाण्याकडचा गोल, नाणेफेक हरेल त्याचा.
इनास सोजाच्या घोट्याला पाणी लागलं
की तो हात वर करायचा
आणि सामना संपायचा.
शिट्टी घेतल्याची नोंद कुठेच नाही.

सदरे अकरा, मांजरपाटाचे.
शिलाई कासम दर्जीची, बटणं करवंटीची.
पाठीवर आकडे नव्हते,
ज्याच्या त्याच्या जाळ्याची खूण होती :
तांडेल भावांच्या दोन गाठी,
गिरपांचा मासळीचा काटा.
सोजाच्या घरची खूण फुली.
मालवणच्या संघाला वाटलं, हा पाद्र्याचा माणूस,
म्हणून त्याला कोणी ढकलेना.
कस्टमातले विसूभाऊ बाकरे यांना जाळंच नव्हतं.
त्यांची पाठ कोरी.

आणि रंग?
'रंग : ऐनाची साल, भिवा तांडेलाच्या कढईत, फुकट.'
खाली जाळं, वर सदरे,
रात्रभर एकत्र शिजायचे.
बाकऱ्यांनी आधी वास घेतला, म्हणतात,
मग डोळे मिटून सदरा अंगात घातला.
तो त्यांच्या घराचा उंबरठा कधी ओलांडला नाही.
गडग्यावरच्या निवडुंगावर वाळायचा.

एकच फोटो आहे. त्यात सगळे राखाडी,
समुद्रसुद्धा.

म्हणून विचारत फिरलो.
सोजांच्या अंगणात म्हणाले,
"आमचो पापा बदामी म्हणायचो."
गिरपांकडे : विटकरी, पावसात भिजलेल्या कौलासारखा.
बाकऱ्यांचे नातू, वय ऐंशी, डोंबिवलीहून फोनवर :
काळा. नक्की काळा.
तिघांपैकी दोघे चुकले असणार,
असं धरून मी महिनाभर
वही उलटी-सुलटी करत राहिलो.

मग एका दुपारी कोणी तरी
नायलॉनचं निळं जाळं वाळत घालत होता, त्यानेच सांगितलं.
सुती जाळं एकदा शिजवून भागत नसे.
होड्या उतरायच्या आधी, दर वर्षी,
पुन्हा कढई, पुन्हा साल.
मागचा रंग जात नाही, नवा त्यावर बसतो.

पहिल्या वर्षी बदामी.
मालवणला दोन-एकने हरवलं तेव्हा विटकरी.
दर साली एक साल चढत गेली
आणि क्लब काळवंडत गेला
खजिनदाराच्याही लक्षात न येता.

एकोणीसशे अठरा. मानमोडीचं वर्ष.
हस्ताक्षर बदललंय.
'सदरे शिजवले अकरा. माणसं सात.'
त्या पुनवेला ओहोटी आली असेलच,
वाळूही उघडी पडली असेल.

त्यानंतर एकच नोंद :
'कापूस महाग. तांडेलाच्या होडीच्या फटी बुजवण्यास
जुने सदरे, नग दहा.'
म्हणजे क्लबची पाठ, पोट, बाह्या
राळेत माखून, फळ्यांमध्ये ठोकून
मासेमारीला गेली.
पुढे किती वर्षं, ते वही सांगत नाही.

नग दहा.

डोंबिवलीला पुन्हा फोन लावला.
विचारलं, काळाच, हे इतकं खात्रीने कसं?
ते थोडा वेळ गप्प राहिले.
मग म्हणाले,
"आमच्या मागील दारी, बाहेरच्या अंगाला,
खुंटीला एक फडकं असायचं.
कोणाचं, ते कोणी सांगितलं नाही.
आत आणायचं नाही,
आणि त्याला पाय पुसायचे नाहीत,
एवढं मात्र बजावलेलं होतं."